नत्थुजींनी दोन दिवस वाट पाहिली

अमरावतीत मी मुलांचं एक छोटं वाचनालय चालवते. दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं जमतात, वाचतात, भांडतात, लिहितात. गेल्या महिन्यात मी त्यांना विषय दिला : मुलांवर जुलूम करणारं राज्य. बाराच्या बारा जणांनी ते राज्य उचललं आणि सन बावीसशेच्या पुढं नेऊन ठेवलं. कुणाकडं लोखंडी पहारेकरी, कुणाकडं डोक्यात बसवलेली चिप. अनुप नावाचा एक दिवटा तर सगळ्यांना घेऊन थेट मंगळावर गेला. गोष्टी छान होत्या. मी हसले, पाठ थोपटली, आणि घरी येऊन मला राग आला. पोरांवर नाही. स्वतःवर.

कारण मी अशा राज्यात दोन वर्षं राहून आले आहे. ते अकोला रोडवर होतं. त्याचं गेट निळं होतं. माझ्या वडिलांनी मला तिथं स्वतः नेऊन सोडलं आणि परतताना चांदूर बाजारात पेढे वाटले. ही गोष्ट मी पोरांना कधी सांगितली नव्हती. आता लिहून देते आहे.

गोष्ट माझी नाही. त्या निळ्या गेटवर जो पहारेकरी होता त्याची आहे. नत्थुजी भुयार.

आधी राज्याची ओळख करून द्यायला हवी. ती डॉक्टर-इंजिनीअर घडवणारी निवासी अकॅडमी होती. नाव लिहीत नाही, कारण तिची पाटी दोनदा बदलली आहे आणि आतला कारभार तोच आहे. आम्ही दोनशे मुलं-मुली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी असायची, आणि तिचा रंग दर सोमवारच्या परीक्षेनंतर ठरायचा. सोनेरी पट्टीवाले आधी जेवायचे, पंख्याखाली बसायचे, त्यांना पोळी गरम मिळायची. मग निळे, मग पांढरे. करड्या पट्टीवाल्यांना उरलंसुरलं. खिडक्यांच्या काचांना डोळ्यांच्या उंचीपर्यंत पांढरा रंग फासलेला, म्हणजे बाहेर बघून लक्ष विचलित नको. वर्गाबाहेर बोलायचं नाही. कोण बोललं ते कळवणाऱ्याला दोन गुण. रविवारी घरी चार मिनिटांचा फोन, तोही स्पीकरवर, आणि 'मी मजेत आहे' हे वाक्य त्यात आलंच पाहिजे.

आमचे संचालक योगेश सर. तुम्हाला वाटेल, मिशीवाला, डोळे वटारणारा कुणी असेल. छे. इतका गोड माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. कधी आवाज चढला नाही. प्रत्येकाला 'बेटा' म्हणायचे. करडी पट्टी गळ्यात घालतानासुद्धा 'बेटा' म्हणायचे. आणि आमचे आईबाप? ते तर दर महिन्याला येऊन सरांना सांगायचे की सर, अजून कडक ठेवा.

या कारभारात नत्थुजींकडं तीन कामं. गेट उघडणं-लावणं, घरून आलेली पिशवी तपासणं, आणि आलेला फोन वहीत लिहून घेणं. तिन्ही कामं ते चोख करायचे. पिशवीतून चिवडा, लाडू, मुरमुरे बाहेर काढायचे आणि वर दोन ओळी ऐकवायचे : "लाडवावर लाडू, तोंडाले कुलूप पाडू!" आम्ही त्यांच्यावर जळायचो. माझ्या आजीनं केलेल्या करंज्या त्यांनी माझ्या देखत डब्यातून काढून टेबलावर मांडल्या तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उंच, काटकुळा माणूस. साठीला टेकलेला. अकॅडमीनं दिलेला निळा गणवेश अंगावर असा लोंबायचा जणू बुजगावण्याला घातलाय. गळ्यात शिटी आणि शिटीच्या वरून स्वतःचा पांढरा दुपट्टा. दुपट्टा काढा असं सरांनी दोनदा सांगितलं होतं. दुपट्टा राहिला.

नत्थुजी चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातले. माझ्या आजोळचं गाव तिथून दोन कोसांवर, म्हणून मला त्यांची थोडी माहिती होती. तीस वर्षं ते एका देशमुखांकडं सालदार होते. सालदार म्हणजे पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाच्या वावरात, गोठ्यात, विहिरीवर राबायचं. मधेच सोडून जायचं नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही. मालकाच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. असल्या माणसाला बोलायला वर्षातून एकच दिवस मिळतो, पोळ्याचा.

आमच्याकडं पोळ्याला गावच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणतात. दोन-चार ओळींची यमकं. मालक, सरपंच, सावकार, जो कुणी समोर असेल त्याचं वर्षभराचं उणं त्याच्या तोंडावर, गावासमोर म्हणायचं. शेवटी म्हणणाऱ्यानं हाळी द्यायची आणि साऱ्या गावानं 'हर हर महादेव' करायचं. ज्याला लागलं त्यानं हसून नारळ द्यायचा. त्या दिवशीच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हा कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ.

नत्थुजी पंचक्रोशीतले नावाजलेले झडतीवाले. त्यांची एक गोष्ट माझे मामा सांगायचे. देशमुखांच्या विहिरीचा दोर कुजला होता. नत्थुजींनी तीनदा सांगितलं, मालकांनी तीनदा 'पाहू' म्हटलं. मग पोळा आला. नत्थुजींनी तोरणाखाली त्या दोरावर चार ओळी रचून म्हटल्या. गाव हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात नवा कोरा दोर टांगलेला. देशमुखांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, आणि नत्थुजींनीही नाही. जगात न्याय कसा मिळतो हे नत्थुजी त्या दिवशी शिकले, असं मला आता वाटतं. सांगायचं एकदाच, पण तोरणाखाली.

पुढं ट्रॅक्टर आले, देशमुखांनी बैल विकले, आणि नत्थुजी अकॅडमीच्या गेटवर आले. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी त्यांच्याकडून शब्द घेतला की फोनच्या वहीतलं मुलांशी बोलायचं नाही. नत्थुजींनी तो दिला. सालदारानं द्यावा तसा.

माया माझ्या खोलीतली. धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातली, आई-वडील लहानपणीच गेलेले. तिला वाढवलं आजीनं. या सुंदराबाईनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करून नातीला शिकवलं होतं. माया हुशार, कायम सोनेरी पट्टीत. मी पांढरी होते आणि मग निळी झाले. कशी झाले तेही सांगते. प्रियदर्शनी नावाची एक मुलगी जिन्यात गाणं गुणगुणली होती, ते मी कळवलं. दोन गुण मिळाले. पुढं सरांनी मला बोलणाऱ्यांची यादी ठेवायचं काम दिलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज तोंड कडू होतं.

त्या वर्षी पोळा रविवारी आला. आदल्या शुक्रवारी दुपारी मी माझी यादी घेऊन गेटच्या खोलीत गेले. सर तिथंच उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. नत्थुजींनी उचलला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा तिघांनाही शब्द न् शब्द ऐकू आला. तो मायाचा मामा, धर्मपाल. सुंदराबाई फार आजारी होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "पोरीचं नाव घेऊन राह्यली सारखी. माया आली का, माया आली का. पाठवा हो तिले."

सरांनी नत्थुजींच्या हातून फोन घेतला. "धर्मपालजी, मी समजू शकतो. पण सोमवारी निवड परीक्षा आहे. त्यावर तिचं पुढचं सगळं आहे. आत्ता सांगितलं तर पोरगी कोसळेल. तुम्हाला तिचं भलंच हवं आहे ना? सोमवारी पेपर झाला की मी स्वतः गाडी देतो."

मामा म्हणाला, "तुमी म्हणता तसं, सर."

सरांनी फोन ठेवला. "नत्थुजी, लिहून ठेवा आणि वही मिटा." मग माझ्याकडं वळून तितक्याच मायेनं म्हणाले, "बेटा, तू काही ऐकलं नाहीस."

मी म्हणाले, "नाही सर."

शुक्रवारी संध्याकाळी मेसमध्ये माया माझ्या चार रांगा पुढं पंख्याखाली जेवत होती. तिची वेणी दिसत होती. ताट धुताना आम्ही शेजारी आलो. नळाच्या वर कॅमेरा होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, फक्त ओठ हलवायचे होते. माझी निळी पट्टी ओली झाली म्हणून मी ती पिळली आणि निघून आले. खोलीत तरी सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. खोलीत आणखी चार मुली होत्या, आणि प्रत्येकीला दोन गुण हवे होते. मीच त्यांना तो धडा घालून दिला होता.

शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत गेटजवळून जाताना नत्थुजींनी शिटी पुसण्याचं निमित्त करून मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "सांगतलं का वं तिले?"

मी मान हलवली. नाही.

"तुमी काहून नाही सांगत?" मी पण तोंड न हलवता विचारलं. आम्ही सगळे त्या कलेत तरबेज झालो होतो.

"म्या शब्द देल्ला हाये मालकाले." ते शिटी पुसतच होते. "पण इतवारी पोया हाये. इतवारी सांगतो."

मला वाटलं म्हातारा चळला. पोळ्याचा आणि मायाच्या आजीचा काय संबंध? पण एक खरं सांगते. ते ऐकून मला हलकं वाटलं. कुणीतरी सांगणार आहे म्हटल्यावर माझी सुटका झाली. शनिवारभर मी रसायनशास्त्र वाचलं.

रविवारी अकॅडमीत 'परंपरा दिन' होता. सरांना जाहिरातीसाठी व्हिडिओ करायचा होता. पालकांना बोलावलं होतं, मैदानात दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, आणि शेजारच्या गावातून दोन बैलजोड्या आणल्या होत्या. झुली, बेगड, रंगवलेली शिंगं, सगळं साग्रसंगीत. सर मुंबईकडं शिकलेले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की झडती म्हणजे बैलाचं कौतुक करणारं लोकगीत. मग काय, आपल्याच गेटवर कलाकार असताना बाहेरून कशाला आणा? त्यांनी आठवडाभर आधीच नत्थुजींना सांगून ठेवलं होतं, आणि वर म्हणाले होते की शेवटी आपल्या अकॅडमीबद्दलही दोन ओळी येऊ द्या. वऱ्हाडातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं त्यांना सावध केलं असतं. पण पोरांना बोलायची बंदी होती.

नत्थुजी त्या दिवशी धोतर, बंडी आणि फेटा बांधून आले. दोन वर्षांत प्रथमच ते मला अंगापिंडानं माणूस दिसले. आम्ही मैदानात पट्ट्यांप्रमाणं बसलो होतो. पुढं सोनेरी, मागं करडे. पालक खुर्च्यांवर. सर पहिल्या रांगेत, हात जोडून, कॅमेऱ्याकडं बघत.

नत्थुजी तोरणाखाली बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले. आवाज असा लागला की माईकची गरज उरली नाही.

"दाना एक तुरीचा, घागरभर पानी,
ताटामंदी तोंड पाह्यते बापाची रानी!
बोला..."

"हर हर महादेव!" पालकांमधून गडगडाट झाला. सगळी शेतीवाडीची माणसं, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग वरणाचा अर्थ लक्षात आला आणि खसखस पिकली. सरही हसले. माझ्या पुढं बसलेल्या मुलीचे खांदे हलत होते. आम्हाला हसायची परवानगी आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काचीले लावला चुना, उजीड झाला पाहुना,
पानी आलं का ऊन पडलं, पोराले काई कयेना!
बोला..."

"हर हर महादेव!" या वेळी माना वळल्या. पालक इमारतीच्या खिडक्यांकडं बघू लागले. दर महिन्याला ते येत होते, पण त्या काचा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिल्या. सरांचं हसू चेहऱ्यावर होतं, पण ते आता नुसतं तिथं ठेवलेलं होतं. त्यांनी कॅमेरावाल्याला हात केला. तो बिचारा बैलांच्या शिंगांत रमला होता.

नत्थुजींनी फेटा सारखा केला. त्यांची नजर सोनेरी रांगेवर गेली, मग सरांवर आली, आणि तिथंच थांबली. झडती ज्याला मारायची त्याच्या डोळ्यांत बघून मारतात.

"शुक्रवारचा फोन, वहीमंदी निजला,
इतवार उजाडला, तरी नाई उठला!
माया नावाच्या पोरी, घरी जाय लवकर,
आजी तुई बोलावते, पडली हाये खाटंवर!
बोला..."

"हर हर महादेव!"

सवयीनं आरोळी गेली, आणि मग अर्थ पोचला.

माया उठून उभी राहिली.

सर शांतपणे पुढं झाले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "बेटा, बस."

आणि ती बसली. आजी मरायला टेकली आहे हे कळल्यावर, त्या दोन शब्दांवर ती बसली. मला आजही त्या क्षणाचा जितका संताप येतो तितका शुक्रवारच्या फोनचाही येत नाही.

नत्थुजींनी मग बैलाच्या वशिंडावरचा हात काढला. कमरेची किल्ली काढली, सगळ्यांच्या समोरून चालत गेटपाशी गेले आणि निळं गेट सताड उघडलं. दोन्ही दारं. एरवी ते एकच दार उघडायचे. तिथून ओरडले, "ऊठ वं माय! आता कोनाले भेतं?"

खुर्च्यांतून एक गृहस्थ उठले. खुशालराव, एका करड्या पट्टीवाल्या मुलाचे वडील. त्यांनी रांगेत शिरून मायाचा दंड धरला. "चाल बाई. माई जीप बाहीर उभी हाये. धामनगाव काई दूर नाई." माया त्यांच्याबरोबर चालत गेली. जाताना गळ्यातली पट्टी तिनं काढली नाही. तसली काही नाटकं झाली नाहीत. ती पट्टीसकट गेली, आणि कुणीही तिला अडवलं नाही.

आता गंमत पहा. गेट उघडून नत्थुजी परत तोरणाखाली आले आणि योगेश सरांसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. नारळ घ्यायला. ज्याला झडती लागली त्यानं नारळ द्यायचा, तो त्यांचा हक्क होता. शंभर पालक बघत होते, कॅमेरा चालू होता. सरांनी पूजेच्या ताटातला नारळ उचलून त्यांच्या हातात ठेवला आणि पुटपुटले. मी दुसऱ्या रांगेत होते, मला ऐकू आलं. "उद्यापासून येऊ नका."

नत्थुजींचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "पोयाच्या बोलन्याचा राग धरते का कोनी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना माहिती हवी होती. आयुष्यभर ज्या कायद्यावर त्यांनी विश्वास ठेवला तो समोरच्या माणसाला ठाऊकच नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवारी गेटवर दुसरा माणूस होता. खिडक्यांचा रंग दिवाळीत खरवडला गेला, तेवढं मात्र झालं. पालकांनी सरांना सांगितलं होतं. मग पडदे लागले.

माया परत आली नाही. ती डॉक्टर झाली नाही आणि मीही नाही. ती आता चिखलदऱ्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. आम्ही भेटत राहिलो. आजीचा विषय मी कधी काढला नाही आणि तिनंही नाही. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास ती अमरावतीला आली आणि म्हणाली, "नत्थुजींकडं जाऊ." स्कूटरवर गेलो.

म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. त्यांच्या गावात आता एकच बैलजोडी उरली आहे. तोरण बांधतात, पण झडती म्हणायला कुणी येत नाही. त्यांनी आम्हाला ओळखलं. सून चहा घेऊन आली. मायानं त्यांच्या पायाला हात लावला, तर त्यांनी पाय मागं ओढून घेतले.

"नोको वं माय. पाया पडन्यासारकं काई केलं नाई म्या." मग त्यांनी तिला विचारलं, "आजी बोलली का तुह्यासंग?"

माया म्हणाली, "नाही. मी गेले तेव्हा डोळे उघडे होते. पण वाचा गेली होती. मामा म्हणे, शनिवारी दुपारपर्यंत बोलत होती. सोमवारी सकाळी गेली."

नत्थुजींनी चहाचा कप खाटेखाली ठेवला. "शनवारी दुपारपर्यंत," ते म्हणाले. "म्हंजे शुक्रवारी सांगतलं असतं, त बोलली असती. म्या पोयाची वाट पाह्यली. शब्द देल्ला होता ना मालकाले. म्हटलं, तोरनाखाली बोललं त शब्द मोडत नाई अन् कोनाले राग येत नाई. दोन दिवस वाट पाह्यली. सरानं नाई वं पोरी, तुये दोन दिवस म्या खाल्ले."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्यांनी दुपट्ट्यानं पुसलं नाही, वाहू दिलं.

मायानं त्यांचा हात हातात घेतला. "तुमी बोलले त खरं. बाकी कोन बोललं?"

तिथं मला गप्प बसता आलं असतं. नत्थुजी माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांनी घेतलं नव्हतं. पण मला ते आता सोसवेना.

"माया," मी म्हणाले, "मला शुक्रवारीच माहीत होतं. फोन आला तेव्हा मी तिथंच होते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होते. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, सून दारात थबकली होती.

"काहून नाही सांगितलं?" मायानं विचारलं.

"भेव वाटलं. पट्टी जाईल म्हणून."

तिनं थोडा विचार केला, आणि अगदी सहज मान हलवली. "हो," ती म्हणाली. "मीही नसतं सांगितलं."

आणि तिनं चहाचा कप उचलला. तिनं मला माफ केलं नव्हतं. माफ करण्यासारखं काही घडलंय, असं तिला वाटलंच नव्हतं.